जुन्या फायबर बोटीचे कुजलेले स्ट्रिंगर आपले आपण बदलता येतात का?

तुमची अडचण थोडक्यात अशी: वीस फुटी जुनी फायबरची बोट स्वस्तात घेतली, चालताना फ्लोअर दबतो, खालचे लाकडी स्ट्रिंगर, म्हणजे तळ ताठ ठेवणारे लांब वासे, कुजलेत. दुरुस्त करायची की भंगारात द्यायची?

दुरुस्त होते. गोव्यात शिवोलीला शापोरा नदीच्या काठी मी अशीच एक बोट केली. दोनदा केली म्हणा, कारण पहिल्या खेपेची सगळी मेहनत पाण्यात गेली.

तेव्हा बोट पुढे-मागे एकेका टायरवर ठेवली होती. एका रविवारी फ्लोअर कापला, दोन्ही स्ट्रिंगर ग्राइंडरने उडवले, नवीन लाकूड घालून वर रेझिनने मॅट (काचतंतूंची चादर) मारून मोकळा झालो. पाण्यात घालून थ्रॉटल दिला, तर नाक सारखं वर-खाली आपटतंय. एका म्हाताऱ्या मिस्त्रीने बोट बाहेर काढायला लावली आणि तळाला सरळ पट्टी धरली. पट्टी मध्ये टेकली, दोन्ही टोकांना बोटभर फट. "हिचें पोट सुटलां," एवढंच म्हणाला नि विडी पेटवली.

स्ट्रिंगर काढले की फायबरची पातळ कातडी स्वतःच्या वजनाने लोंबते, आणि त्या अवस्थेत नवे बसवले की तोच आकार कायमचा. म्हणून कापण्याआधी कीलखाली (तळाचा मधला कणा) आणि स्ट्रिंगरच्या रेषेखाली दर दोन फुटांवर तळाच्या आकाराचे ठोकळे द्या. वर कडेपासून कडेपर्यंत आडव्या पट्ट्या ठोका. सूत ताणून जुन्या स्ट्रिंगरची उंची जागोजागी लिहून ठेवा, पुठ्ठ्याचे साचे कापा. आणि एका वेळी एकच स्ट्रिंगर काढा. निम्मं काम इथंच आहे, बाकी हमाली.

किती कुजलंय ते हातोडीने कळतं: चांगल्या जागी टणटण, कुजक्या जागी भद्द. खात्रीसाठी सहा मिमीचं भोक पाडा. भुसा कोरडा आला तर ठीक, चहाच्या चोथ्यासारखा ओला काळपट आला तर तो तुकडा गेला.

नव्यासाठी सागवान घाला असं दहा जण सांगतील. नका घालू. सागात तेल असतं, पॉलिएस्टर रेझिन त्याला नीट धरत नाही. मी आयएस ७१० मानकाच्या मरीन प्लायचे १२ मिमीचे दोन थर चिकटवले, सांधे एकाखाली एक येऊ न देता. प्लाय थेट तळाला टेकवू नका, नाहीतर त्या रेषेवर पुढे तडा जातो. पाच-सहा मिमी जागा सोडून ती रेझिनच्या पुट्टीने भरा. कोपऱ्यात सोड्याच्या बाटलीची पाठ फिरवून गोलाई द्या. काटकोनात मॅट बसत नाही, खाली हवा राहते. दोन्ही बाजूंना सहा इंच रंग-जेलकोट घासून कोरी काच दिसू द्या, ॲसिटोनने पुसा, मग मॅट आणि रोविंग (विणलेलं जाड काचकापड) आलटून-पालटून, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा रुंद. घासताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. ती खाज दोन दिवस झोपू देत नाही.

तळ पॉलिएस्टरचा असेल तर पॉलिएस्टर चालतं. एपॉक्सी जास्त घट्ट धरते, पण एकदा एपॉक्सी लावली की वर पॉलिएस्टर नीट चिकटत नाही, तेव्हा काय ते आधीच ठरवा. पॉलिएस्टर वापरलंत तर कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) आणि हार्डनर एकमेकांत कधीच ओतू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये ढवळायचं, हार्डनर त्यानंतर.

आपल्याकडे बहुतेक जण हे काम १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत काढतात, बोट वर असते म्हणून. पण त्या दमट हवेत लाकूड सुकतच नाही. मे महिन्यात भर दुपारी मगातलं रेझिन हातातच गोठतं. मला डिसेंबर-जानेवारी बरे वाटतात, फक्त सकाळी दव वाळेपर्यंत थांबायचं.

पाणी वाहून जायला स्ट्रिंगरमध्ये भोकं ठेवाल, त्यांत पीव्हीसी नळीचा तुकडा फायबरने पक्का करा. फ्लोअरचे स्क्रूसुद्धा स्ट्रिंगरमध्ये कोरडे मारू नका. माझ्या बोटीत पाणी शिरलं ते स्क्रूच्या भोकांतूनच.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी आउटबोर्ड इंजिनचा पाय धरून जोरात हलवून बघा. ट्रान्समही (इंजिन टांगलेली बोटीची मागची भिंत) सोबत हलला, तर खर्चाचा हिशोब नव्याने मांडा.