टॅलीत नव्या दुकानाच्या जीएसटीचा अंदाज कसा काढायचा?

प्रश्न असा: कोल्हापुरात चपलांचं दुकान आहे, बेळगावात दुसरं काढतोय, हिशेब टॅली या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये आहे, नव्या जागेचा महिन्याचा टॅक्स किती येईल ते टॅलीतून आधीच काढता येईल का?

येईल. पण प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय, "माल आपलाच असल्याने कोल्हापूर-बेळगाव चलनावर जाईल." चलन म्हणजे बिल न फाडता माल पाठवायची चिठ्ठी. म्हणूनच लिहायला बसलो. आमच्या ऑफिसातल्या एका सीनियरशी हाच वाद मी वर्षानुवर्षं घालतोय. त्यांचं म्हणणं, "आपलंच दुकान, आपलाच माल, विक्री झालीच कुठे?" विक्रीकराच्या जमान्यात ते बरोबर होते. परराज्यातल्या स्वतःच्या शाखेला माल गेला की एफ फॉर्म द्यायचा, सीएसटी (केंद्रीय विक्रीकर) लागत नसे. १ जुलै २०१७ ला ते संपलं. आता कोल्हापूरचा २७ने सुरू होणारा जीएसटी नंबर आणि बेळगावचा २९चा (पहिले दोन आकडे राज्याचे), पॅन एकच असला तरी कायद्याने दोन वेगळ्या व्यक्ती. मालाचं बिल फाडायचं, वर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी) लावायचा. चलन चालतं ते कोल्हापूर-इचलकरंजीला, तेही इचलकरंजीची जागा त्याच नंबरात अतिरिक्त जागा म्हणून नोंदवली असेल तर. बेळगावचा माल चलनावर नेताना कर्नाटकच्या हद्दीवर कोगनोळीच्या पुढे गाडी अडली, तर टॅक्सच्या दुप्पट दंड. अकरा लाखांच्या मालावर ५ टक्क्यांनी टॅक्स ५५,०००, म्हणजे गाडी सोडवायला १,१०,०००.

आता आकडे. माझ्याकडे तपासायला आलेला असाच एक हिशेब घेतो, रकमा गोल केल्यात. पहिल्या गाडीत १,००० जोड, सरासरी खरेदी १,१०० रुपये. पहिल्या महिन्यात विक्रीचा अंदाज २०० जोड, सरासरी १,६००. मालकाने टॅलीत एकच आयटम, एकच भाव टाकला: ३,२०,००० वर ५ टक्के, १६,००० रुपये टॅक्स. पानभर प्रिंट काढून बँकेला प्रोजेक्शनही दिलं.

पहिली चूक सरासरीची. २२ सप्टेंबर २०२५ पासून पादत्राणांना जोडीमागे २,५०० पर्यंत ५ टक्के, त्यापेक्षा महाग जोडाला १८. त्या २०० जोडांत १६० जोड १,२०० चे होते आणि ४० जोड ३,२०० चे. सरासरी १,६००च येते, पण टॅक्स ९,६०० अधिक २३,०४०, एकूण ३२,६४०. दुपटीहून जास्त. म्हणून भावाच्या किमान दोन पट्ट्या करून आयटम वेगळे ठेवा, आणि स्टॉक ग्रुपच्या जीएसटी डिटेल्समध्ये एकच दर न देता स्लॅबप्रमाणे दर भरा.

याच स्लॅबमधली एक गंमत कुणी सांगत नाही. टॅक्ससकट भाव लावत असाल तर २,६२६ ते २,९५० या पट्ट्यात लेबल छापूच नका. २,८०० चं उदाहरण घ्या. ५ टक्के धरून उलटं काढलं तर मूळ किंमत २,६६६.६७, म्हणजे १८ लागायला हवेत. १८ धरून काढलं तर २,३७२.८८, म्हणजे ५ लागायला हवेत. बिलिंगचं सॉफ्टवेअर यातलं काहीतरी एक धरतं आणि पुढे निघतं. २,५९९ ठेवा नाहीतर २,९९९.

दुसरी चूक रोकडीची, आणि ती जास्त महाग पडली. टॅलीप्राइममध्ये ३.० पासून एकाच कंपनीत अनेक जीएसटी नंबर ठेवता येतात, आणि ३बीचा (जीएसटीच्या एका रिटर्नचा) रिपोर्ट सगळे नंबर एकत्र धरूनही दिसतो. एकत्र बघितलं की कोल्हापूरने लावलेले ५५,००० आणि बेळगावला मिळालेलं ५५,००० चं क्रेडिट (खरेदीवर दिलेला, विक्रीच्या टॅक्समधून वजा होणारा टॅक्स) एकमेकांना खातात, उरतात ३२,६४०. सरकार मात्र दोन नंबरांचा हिशेब एकत्र बघत नाही. या मालकाच्या चपला आल्या होत्या जीएसटी नोंदणी नसलेल्या कारागिरांकडून, त्यामुळे कोल्हापूरला खरेदीचं क्रेडिट जवळपास शून्य. ५५,००० रोख भरावे लागले. तिकडे बेळगावने ३२,६४० आयजीएसटी क्रेडिटमधून वळते केले आणि २२,३६० पडून राहिले. वरून गाळ्याचं भाडं ३०,०००, गाळामालक नोंदणी नसलेला. १० ऑक्टोबर २०२४ पासून अशा भाड्यावर १८ टक्के गाळामालकाऐवजी आपणच भरायचे, आरसीएममध्ये (रिव्हर्स चार्ज). ५,४०० झाले, आणि आरसीएम क्रेडिटमधून भरता येत नाही. २२,३६० शिल्लक असूनही ५,४०० रोखच. (भरल्यावर त्याचं क्रेडिट मिळतं. सेल्फ इन्व्हॉइस, म्हणजे आपणच काढायचं बिल, ३० दिवसांत करा.) अंदाज १६,००० चा, खिशातून गेले ६०,४००.

तर टॅलीत करायचं ते असं. चालू कंपनीत प्रयोग नको. बॅकअप घेऊन वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोर करा, कंपनीच्या नावात "अंदाज" घाला. क्रिएटमधून २९ नंबरचं दुसरं जीएसटी रजिस्ट्रेशन करा. नंबर हातात आला नसेल तर तूर्त नमुन्याचा टाका, पण राज्य कर्नाटक निवडल्याची खात्री करा, नाहीतर आयजीएसटीऐवजी सीजीएसटी-एसजीएसटी (एकाच राज्यातल्या व्यवहाराचा टॅक्स) लागेल. बेळगावचं गोडाऊन वेगळं करा. कोल्हापुरातून शाखेला विक्रीचं व्हाउचर, बेळगावात खरेदीचं, दोन्हींसाठी "शाखा हस्तांतर" अशी स्वतंत्र लेजर. दुकानाच्या विक्रीत ते मिसळलं तर नफ्याचा अंदाजही बिघडतो. मग ३बी उघडून एफ३ ने एकेक नंबर निवडा आणि दोन्हींचा रोख भरायचा आकडा वेगवेगळा लिहून घ्या. असं तीन महिन्यांचं करा, कारण पहिल्या महिन्यात सुरुवातीच्या मालामुळे आकडा फुगलेला असतो.

शाखेला बिल कोणत्या भावाने? बेळगावला पूर्ण क्रेडिट मिळणार असेल तर नियम २८ प्रमाणे बिलावरची किंमतच बाजारभाव मानली जाते. मी खरेदी भावानेच लावायला सांगतो. विक्रीच्या भावाने लावलं तर कोल्हापूरची रोकड विनाकारण जास्त अडकते, शिवाय २,५०० च्या वरचे जोड गाडीतच १८ टक्क्यांत जातात.

कोल्हापूर तिमाही रिटर्न भरत असेल तर तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची शाखेची बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आयएफएफमध्ये (तिमाही रिटर्नआधी बिलं चढवायच्या सोयीत) टाका. विसरलात तर बेळगावच्या २बीत (पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत) क्रेडिट दिसणार नाही आणि ते ३२,६४० ही रोख भरावे लागतील. ही चूक कुठलंच सॉफ्टवेअर आधी सांगत नाही, कारण अंदाजाच्या कंपनीत क्रेडिट त्याच दिवशी जमा होतं.

फर्निचर, एसी, काउंटर यांची बिलं बेळगावचा नंबर मिळाल्यावरच, त्या नंबरावर घ्या. आधी घेतलेल्या भांडवली वस्तूंचं क्रेडिट नोंदणीनंतर मिळत नाही, आणि कर्नाटकचा एसजीएसटी कोल्हापूरच्या नंबरात घेता येत नाही.

एक गोष्ट वर सांगायला हवी होती. तुम्ही कोल्हापुरात कंपोझिशनमध्ये (लहान व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक टक्के टॅक्स भरायची योजना) असाल तर वरचा हिशेब जसाच्या तसा लागू नाही. परराज्यात पहिलं बिल फाडलं की कंपोझिशन सुटते, त्या पॅनवरच्या सगळ्या नंबरांची. मग कोल्हापूरच्या गिऱ्हाइकालाही टॅक्स लावून बिल द्यावं लागेल, आणि "अंदाज" कंपनीत आधी त्याच दुकानाचा हिशेब नव्याने मांडावा लागेल.