मायलेजचे नियम कडक झाले की अमेरिकेतले पिकअपवाले आणि ऑटो कामगार का ओरडतात?

तुमचा प्रश्न असा आहे : पिकअपला पेट्रोल कमी लागलं तर मालकाचाच फायदा, मग या नियमांना पिकअपवाले आणि कारखान्यातले कामगार दोघंही शिव्या का घालतात? शिवाय तुमचा भाऊ टेक्ससमध्ये जुनी पिकअप घ्यायच्या विचारात आहे.

फायदा आहेच. पण ज्याच्या खिशातून पैसे जातात आणि ज्याच्या खिशात पडतात, ती माणसं वेगळी. मी सोळा वर्षं डेट्रॉईटच्या उपनगरात, गिअरबॉक्सचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या सप्लायरकडे क्वालिटीत आहे. दारात एक सेकंडहँड पिकअप उभी असते (बायको तिला टेम्पो म्हणते). त्यामुळे दोन्हीकडचा मार थोडाथोडा खाऊन झालाय.

आधी हिशोब. इथे मायलेज 'गॅलनला किती मैल' असं सांगतात आणि त्यात एक गोम आहे. वर्षाला १५,००० मैल पळणारी पिकअप १५ वरून २० मैलांवर आली, तर १,००० गॅलनच्या जागी ७५० लागतात. छोटी कार ३० वरून ४० वर नेली, तर ५०० चे ३७५ होतात. ऐकायला कारची उडी मोठी, पण पिकअपवाल्याचे वाचले २५० गॅलन आणि कारवाल्याचे १२५. गॅलनला ३ डॉलर धरले तरी पिकअपवाल्याचे वर्षाला ७५० डॉलर वाचतात. या नियमांचा सगळ्यात मोठा लाभार्थी तोच आहे. हे त्याला मात्र सांगायला जाऊ नका.

आणि नियम त्याच्या गाडीला लागतच नाही. १९७३ च्या तेलबंदीनंतर १९७५ मध्ये हा कायदा झाला, तेव्हापासून बघतात ती कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या मायलेजची सरासरी. व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन असलेली गाडी) विकत घ्यायला कुणालाही बंदी नाही. फक्त सरासरी गाठायला कंपनी त्या गाडीत काहीबाही भरत जाते. फोर्डने २०१५ च्या एफ-१५० या पिकअपची बॉडी ॲल्युमिनियमची केली आणि गाडी तीनशे किलोच्या आसपास हलकी झाली. मग टर्बो आले, दहा गिअरचे ऑटोमॅटिक आले, सिग्नलला आपोआप बंद पडणारं इंजिन आलं, आणि जोर लागत नसेल तेव्हा आठातले चार सिलिंडर झोपवायची युक्ती आली.

ही शेवटची युक्ती माझ्या गाडीत आहे. कंपनीचं नाव घेत नाही. जानेवारीत, पारा उणे पंधरावर असताना, सकाळी गाडी सुरू केली तर बॉनेटखालून शिवणयंत्रासारखी टिकटिक. मेकॅनिकने कान लावला आणि म्हणाला, "लिफ्टर गेला." सिलिंडर झोपवताना जो लिफ्टर (इंजिनातली झडप उचलणारा भाग) सैल सोडायचा असतो, तोच अडकून बसला होता आणि त्याला ढकलणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्टही, त्याने खाल्ला होता. बिल साडेचार हजार डॉलर. सहा वर्षांत वाचलेलं पेट्रोल एका दुपारी गेलं. पहिल्या मालकाने वॉरंटीत गाडी वापरली, पेट्रोल वाचवलं आणि विकून टाकली. इथले सुतार, प्लंबर, गवत कापणारे पिकअप घेतात ती बहुतेक माझ्यासारखी, दुसऱ्या-तिसऱ्या हाताची. त्यांची तक्रार मला खोटी वाटत नाही.

आणखी एक गंमत बघा. २००७ च्या कायद्यानंतर गाडीचं मायलेजचं लक्ष्य तिच्या चार चाकांमधल्या क्षेत्रफळावर ठरायला लागलं. चाकं जितकी लांब लांब, तितकं लक्ष्य सोपं. लहान पिकअप बनवणं त्यामुळे कंपनीला आतबट्ट्याचं झालं. फोर्डने २०११ मध्ये इथली छोटी रेंजर बंद केली. २०१९ मध्ये परत आणली ती अंगाने भरलेली. गॅलनला ३७ मैल देणारी हायब्रिड मॅव्हरिक त्यांनी काढली खरी, पण ती बनते मेक्सिकोत, एर्मोसियोला. मिशिगनच्या कामगाराला त्यात काय?

कामगारांचं दुखणं जास्त गुंतागुंतीचं आहे. डेट्रॉईटच्या कंपन्यांचा नफा पिकअप आणि मोठ्या एसयूव्हींवर चालतो. २०२४ च्या नफ्यातून जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) कामगाराला १४,५०० डॉलरपर्यंत वाटा मिळाला, तो काही छोट्या कारमुळे नाही. छोटी कार बनवणाऱ्यांचं काय झालं ते ओहायोतल्या लॉर्ड्सटाउनला जाऊन बघा. भरपूर मायलेज देणारी जीएमची छोटी कार, शेव्ही क्रूझ, तिथे बनायची. मार्च २०१९ मध्ये शेवटची क्रूझ बाहेर पडली, कारण पेट्रोल स्वस्त होतं आणि गिऱ्हाईक एसयूव्हीकडे वळलं होतं. पुढे शेजारीच इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीचा कारखाना आला, सुरुवातीचा पगार तासाला १६.५० डॉलर. जुन्या कारखान्यातले जुनेजाणते याच्या जवळजवळ दुप्पट कमवायचे. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे युनियन आली, तेव्हा कुठे पगार हलले.

पण मला विचाराल तर नियमाच्या कडकपणापेक्षा त्याची धरसोड जास्त नडते. ओबामांच्या काळात, २०१२ मध्ये, सरासरीचं लक्ष्य ठरलं २०२५ पर्यंत गॅलनला ५४.५ मैल. २०२० मध्ये ट्रम्पनी ते वर्षाला दीड टक्का वाढीवर आणलं. २०२२ मध्ये बायडननी ती वाढ वर्षाला आधी ८ आणि मग १० टक्के केली. जुलै २०२५ मध्ये नवा कायदा आला आणि लक्ष्य चुकलं तर कंपनीला होणारा दंडच शून्य झाला, म्हणजे नियम आहे, त्याला दात नाहीत. एका पिकअपचं डिझाइन, डाय, मशीन, लाइन हे सगळं उभं राहायला चार-पाच वर्षं लागतात. तेवढ्यात इथे सरकार बदलतं.

डिअरबॉर्नमधल्या फोर्डच्या कारखान्यात २०२२ मध्ये कंपनीची सरासरी वर न्यायला मदत करणारी इलेक्ट्रिक एफ-१५० लाइटनिंग गाजावाजा करून सुरू झाली. एप्रिल २०२४ मध्ये तिथे एकच शिफ्ट उरली, सुमारे १,४०० कामगारांना झळ लागली आणि त्यातल्या निम्म्यांना दुसऱ्या कारखान्यात पाठवलं. कडक नियमामुळे कामगार घरी बसला असं म्हणणारा आणि नियम सैल केल्यामुळे बसला असं म्हणणारा, दोघंही मला कॅन्टीनमध्ये एकाच टेबलावर भेटतात. आम्ही स्वतः इलेक्ट्रिकच्या भागांसाठी दोन सीएनसी मशीन घेतली होती. अजून त्यांच्यावरचं प्लास्टिक निघालेलं नाही, हप्ता मात्र चालू आहे, आणि शनिवारचा ओव्हरटाइम बंद झाल्यापासून माझ्या लाइनवरच्या तिघांनी संध्याकाळी डिलिव्हरीचं काम धरलंय.

आता भावासाठी. गाडी बघायला सकाळी लवकर जायचं आणि आदल्या रात्रीपासून कुणी सुरू करू नये असं मालकाला सांगून ठेवायचं. बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करायची, मग किल्ली फिरवायची आणि दोन मिनिटं गप्प उभं राहून ऐकायचं. टिकटिक आली तर दुसरी गाडी बघा म्हणावं.