रोज ऑफिस आणि रविवारी घाट, अशा वापरासाठी बाइकला कोणते स्पोर्ट टायर टाकावेत?

तुम्ही लिहिलंय की आठवडाभर गाडी ऑफिसला जाते, रविवारी पहाटे घाटात जाते, मूळ टायर संपत आलेत आणि मित्र म्हणतो, ‘ट्रॅकवाले सॉफ्ट टायर टाक, गाडी रस्त्याला चिकटून राहील.’ आधी त्या सल्ल्याबद्दलच बोलतो, कारण तो ऐकून मी एकदा पडता पडता वाचलोय.

थंडीची पहाट होती, रस्ता कोरडा. घरातून निघून तिसरं वळण, वेगही फार नव्हता. वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल जरासा उघडला आणि मागचं चाक वीतभर बाजूला सरकलं. गाडी कशीबशी सावरली. बाजूला घेऊन टायरला हात लावला तर गारठलेला, रबर लाकडासारखं कडक. टायर उत्तम होता, माझी निवड चुकली होती. ट्रॅकचं रबर चांगलं तापल्यावरच पकड देतं. म्हणून तर शर्यतीत गाडी बाहेर काढण्याआधी टायरला वॉर्मर, म्हणजे विजेवर तापणारं वेष्टण, गुंडाळून ठेवतात. रस्त्यावर सिग्नल, गर्दी, सरळ पट्टे, यात तो पुरेसा तापतच नाही, आणि घाटात थोडाफार तापला तरी दहा मिनिटं थांबलात की पुन्हा गार. तेव्हा टायर घेताना पहिल्यांदा हे विचारा, की गार असताना आणि ओल्या रस्त्यावर तो कसा वागतो.

आता तुमच्यासाठी कोणता, हे तुमचा जुना टायरच सांगेल. गाडी स्टँडवर लावा आणि मागच्या टायरवरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तळहात फिरवा. गोलाई एकसारखी लागली पाहिजे. मधे सपाट पट्टा लागला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना धार जाणवली, तर टायर चपटा पडलाय, म्हणजे तुमचे बहुतेक किलोमीटर सरळ रस्त्यावर गेलेत. अशी गाडी वळणात आधी झुकायला नको म्हणते आणि ती धार ओलांडली की एकदम पडल्यासारखी झुकते. लोक याचा दोष सस्पेन्शनला देत बसतात. मग कडा बघा. तिथे दोन बोटं रुंदीचं रबर नव्यासारखं राहिलं असेल, तर आत्ताच्या टायरची पकडच तुम्ही अजून पूर्ण वापरलेली नाही. उलट कडेपर्यंत रबर खरखरीत झालं असेल, बारीक गोळ्या वळल्या असतील, तर तुम्ही वळणात खरोखर गाडी खूप झुकवता आणि स्पोर्ट टायरचा तुम्हाला उपयोग होईल.

मधला भाग चपटा आणि कडा शाबूत असतील तर माझं मत सरळ आहे: स्पोर्ट-टूरिंग घ्या, म्हणजे रोजचा रस्ता, लांबचा प्रवास आणि वळणं असं सगळं सांभाळणारे टायर. मिशेलिन रोड ६, पिरेली एंजल जीटी २, मेट्झेलर रोडटेक ०१ ही त्या वर्गातली नावं. ‘टूरिंग’ शब्दाने नाराज होऊ नका, तुमच्या घाटात हे टायर कमी पडणार नाहीत. कडा वापरल्या जात असतील तर एक पायरी वर जा, म्हणजे पिरेली डियाब्लो रोसो ४ किंवा मेट्झेलर स्पोर्टेक एम९ आरआर. हे रस्त्यासाठीच बनवलेले स्पोर्ट टायर आहेत. त्याच्याही वरचे सुपरकोर्सा, पॉवर कप वगैरे ट्रॅकच्या दिवसासाठी सोडा. दोन्ही वर्गांत मागचा टायर शक्यतो ड्युअल कंपाउंडचा बघा: मधे जरा कडक रबर, कडेला मऊ. सरळ रस्त्यावर झीज कमी होते आणि झुकल्यावर पकड मिळते. रबरात सिलिका (रबरात मिसळतात ती वाळूच्या जातीची भुकटी) जास्त असेल तर थंडीत आणि पावसात फरक कळतो.

खाचा जास्त म्हणजे पकड जास्त, हा गैरसमज मात्र काढून टाका. खाचा पाणी बाहेर काढायला असतात. कोरड्यात त्या जागी रबर असतं तर पकड वाढलीच असती. म्हणूनच स्पोर्ट टायरच्या कडा जवळजवळ कोऱ्या असतात, कारण पावसात तितकं कोणी झुकत नाही.

मापात हौस करू नका. १६० मिलिमीटर रुंदीच्या जागी १८० चा टायर टाकला की मागून गाडी रुबाबदार दिसते, पण ४.५ इंची रिमवर तो दोन्ही बाजूंनी चिमटला जातो, गोलाई बिघडते आणि गाडी वळायला जड होते. कंपनीने दिलेलं माप तेच ठेवा. मापापुढचे आकडेही वाचा. १८०/५५ झेडआर १७ या मापानंतर ७३ डब्ल्यू असेल (७३ हा वजनाचा आकडा, डब्ल्यू हे वेगाचं अक्षर), तर तो टायर ३६५ किलो वजन आणि ताशी २७० किलोमीटर वेगासाठी आहे. मूळ टायरपेक्षा यातलं काहीही कमी नको. पुढचा-मागचा एकाच मॉडेलचा घ्या, कारण त्यांची गोलाई एकमेकांना धरून बनवलेली असते. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) लिहिलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. बरीच वर्षं पडून राहिलेलं रबर कडक होतं, मग टायर कितीही स्वस्तात मिळो.

बसवल्यावर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून चालवा आणि हळूहळू झुकणं वाढवा, नवा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. हवा नेहमी टायर गार असताना तपासा आणि गाडीच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलीय तितकीच भरा. ट्रॅकवर हवा कमी ठेवतात म्हणून रस्त्यावर कमी करू नका, तिथलं गणित त्या तापलेल्या रबराचं आहे. रस्त्यावर कमी हवेने टायर डुलतो आणि कडेने झिजतो.

जुन्या मागच्या टायरचा एक फोटो मधून आणि एक कडेने काढून पाठवा, सोबत रिमवर कोरलेली रुंदी लिहा. दोन वर्गांपैकी कोणता, ते नक्की सांगतो.