मोशन कंट्रोलमध्ये जायचंय? आधी टेबलाला डायल गेज लाव

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी अर्डुइनो उनो, जीआरबीएल (त्यावर चालणारं मोटर-नियंत्रणाचं फर्मवेअर) आणि दोन स्टेपर मोटर (दर पल्सला ठराविक कोनात फिरणाऱ्या) वापरून एक्स-वाय टेबल बनवलं. ते चालतं, पण वेग वाढवला की अडखळतं आणि तासाभराने मूळ बिंदूपासून सरकलेलं असतं. मला मल्टी-अ‍ॅक्सिस मोशन कंट्रोलमध्येच काम करायचं आहे. कुणी सांगतं पीएलसीचा (कारखान्यातल्या यंत्रांचा कंट्रोलर) कोर्स कर, कुणी सांगतं स्टेपर सोड, थेट सर्व्हो आणि इथरकॅट (ड्राइव्हना आदेश पाठवणारं नेटवर्क) शिक. मी सुरुवात कुठून करू?

उत्तर : कोर्सची फी भरण्याआधी ते सरकणारं टेबल दुरुस्त कर. मी तुझा प्रश्न टाळतेय असं वाटेल, पण या क्षेत्रात पगार मिळतो तो बहुतेक याच कामाचा. कंट्रोलरने सांगितलं तिथे अक्ष पोचला नाही, तर का पोचला नाही हे शोधायचं.

अडखळण्यापासून सुरू करू. तू आकडे दिलेले नाहीत, म्हणून नेहमीचे धरते. १.८ अंशांच्या मोटरला एका फेऱ्यात २०० पूर्ण स्टेप, ड्राइव्हवर (मोटरला करंट देणारं सर्किट) प्रत्येक स्टेपचे १६ मायक्रोस्टेप, म्हणजे ३२०० पल्स. स्क्रूची लीड (एका फेऱ्यात टेबल सरकतं ते अंतर) ५ मिमी असेल तर एका मिलिमीटरला ६४० पल्स लागतात. सेकंदाला १०० मिमी वेग हवा तर ६४,००० पल्स. उनोवरचं जीआरबीएल सेकंदाला साधारण ३०,००० पल्सच्या पुढे जात नाही, त्यामुळे तुझं टेबल सेकंदाला ४७ मिमीच्या आसपास अडकणारच. मायक्रोस्टेप ८ वर आण, मर्यादा दुप्पट होईल. अचूकतेचं फारसं नुकसान होत नाही, कारण लोड असताना मायक्रोस्टेपची प्रत्येक पायरी मुळात सारखी पडत नाही.

पल्स पुरत असूनही मोटर अडखळत असेल तर टॉर्क कमी पडतोय. वेग वाढतो तसा कॉइलमध्ये करंट चढायला वेळ कमी मिळतो आणि बॅक-ईएमएफही (फिरणाऱ्या मोटरमध्ये तयार होणारा उलटा व्होल्टेज) वाढतो. सप्लाय २४ व्होल्टचा असेल आणि ड्राइव्हला चालत असेल तर ३६ किंवा ४८ व्होल्ट दे. त्याने न भागल्यास अ‍ॅक्सिलरेशन कमी कर.

अडखळणं फक्त वक्र आकृतीत होतंय का, तेही बघ. जीआरबीएलच्या प्लॅनरमध्ये (पुढच्या हालचालींचा वेग आधी ठरवणारा भाग) १६ ओळी मावतात आणि शेवटच्या ओळीनंतर थांबायचंच आहे असं धरून तो वेग ठरवतो. आकृती ०.१ मिमीच्या तुकड्यांत कापलेली असेल तर त्याला पुढचं फक्त १.६ मिमी दिसतं. अ‍ॅक्सिलरेशन ५०० मिमी प्रति सेकंद वर्ग असताना १.६ मिमीत थांबायचं तर वेग ४० मिमी प्रति सेकंदाच्या वर जाऊच शकत नाही. तिथे मोटर बदलून काही होणार नाही. तुकडे मोठे कर, नाहीतर मोठा बफर असलेला कंट्रोलर घे.

आता सरकण्याचं. ०.०१ मिमीचं डायल गेज (सूक्ष्म सरकणं काट्याने दाखवणारं मापक) मॅग्नेटिक स्टँडवर लाव, टेबल त्याला टेकव आणि शून्य कर. गेजपासून मागे जाऊन परत तिथेच येणाऱ्या ५०० फेऱ्या आधी सावकाश घे, मग पूर्ण वेगाने, दर वेळी एकच अक्ष चालवून. किती सरकलं यापेक्षा कसं सरकलं ते लिहून ठेव.

काटा ०.१०, ०.२०, ०.३० अशा टप्प्यांनी सरकत असेल तर मोटर घसरतेय. स्टेपर घसरला की रोटर अधेमधे थांबत नाही, चार पूर्ण स्टेपच्या पटीतच पुढच्या किंवा मागच्या जागी बसतो. चार स्टेप म्हणजे ७.२ अंश, तुझ्या स्क्रूवर बरोबर ०.१ मिमी. याला उपाय टॉर्क वाढवणं किंवा अ‍ॅक्सिलरेशन उतरवणं.

सावकाश चालवलं काय किंवा जोरात, ५०० फेऱ्यांनंतर ०.७८ मिमी एकाच दिशेला, असं आलं तर दर फेरीला एक पल्स हरवतेय (५०० भागिले ६४०). हा दोष दिशा बदलताना होतो. डिरेक्शनचा सिग्नल पल्सच्या पुरेसा आधी पोचत नाही, किंवा ड्राइव्ह पल्सची जी कड मोजतो तिच्या उलट कड कंट्रोलर धरून चालतो. बऱ्याच डिजिटल स्टेपर ड्राइव्हना डिरेक्शन साधारण ५ मायक्रोसेकंद आधी लागतं. तुझ्या ड्राइव्हचा आकडा त्याच्या मॅन्युअलमधल्या टायमिंगच्या आकृतीत मिळेल. लॉजिक अ‍ॅनालायझरचे (सिग्नलची वेळ दाखवणाऱ्या उपकरणाचे) दोन चॅनल लावलेस की ते अंतर स्क्रीनवर मोजता येतं. पल्सची पोलॅरिटी उलटी करून बघायला तर एक सेटिंग बदलावं लागतं.

परत येताना प्रत्येक वेळी तेवढाच फरक, पण तो साठत नाही, असं असेल तर तो बॅकलॅश, म्हणजे स्क्रू आणि नटमधला ढिलेपणा. आणि कुठलाच पॅटर्न सापडत नसेल तर शाफ्टवरून कपलिंगवर जाणारी एक सलग रेघ मार्करने मार. रेघ तुटली तर कपलिंगचा ग्रब स्क्रू (शाफ्टला आवळणारा छोटा स्क्रू) ढिला आहे. आठवडाभर कोड तपासून शेवटी इथे येणारे पुष्कळ असतात.

स्टेपर जुना झाला, हे मला पटत नाही. कमी वेगाला भरपूर टॉर्क, उभं असताना घट्ट पकड आणि ट्यूनिंगची कटकट नाही; लेबल लावणाऱ्या किंवा नमुने हलवणाऱ्या यंत्राला तेवढं पुरतं. फक्त तो चुकला तर कंट्रोलरला कळत नाही. सर्व्होला कळतं, कारण मोटरवरचा एन्कोडर प्रत्यक्ष जागा परत सांगतो, आणि सर्व्होचं सगळं शिकणं त्या ‘कळण्या’भोवती आहे.

सर्व्होत एकात एक तीन लूप असतात: आत करंट, त्याबाहेर वेग, सगळ्यात बाहेर पोझिशन. ट्यूनिंग आतून बाहेर करायचं. करंट लूप बहुधा ड्राइव्ह स्वतः बसवतो, तुझ्या वाट्याला उरलेले दोन येतात. मुलाखतीत फॉलोइंग एरर (आदेश आणि अक्षाची प्रत्यक्ष जागा यांतला फरक) हमखास विचारतात, म्हणून तो आकड्यात समजून घे. पोझिशन लूपचा गेन (फरकाला तो किती जोरात उत्तर देतो) ५० प्रति सेकंद असेल आणि फीडफॉरवर्ड (फरक पडायच्या आधीच आदेशावरून दिलेली भर) नसेल, तर १०० मिमी प्रति सेकंद वेगाने जाणारा अक्ष आदेशाच्या २ मिमी मागे असतो. वाय अक्षाचा गेन ४० असेल तर तो २.५ मिमी मागे. एकेकट्या अक्षाचं पोझिशनिंग बिनचूक, पण दोन्ही मिळून वर्तुळ काढलं की ४५ अंशांत कललेलं लंबवर्तुळ येतं. एकत्र चालणाऱ्या अक्षांचे गेन सारखे ठेवतात ते याचसाठी, मग त्यातला चपळ अक्ष थोडा मंद करावा लागला तरी.

इथरकॅट कशासाठी, हेही आकड्यातूनच कळतं. एका फेऱ्याला १०,००० पल्स ठेवून मोटर ३००० आरपीएमने फिरवायची तर सेकंदाला ५ लाख पल्स लागतात. बऱ्याच सर्व्हो ड्राइव्हचा ओपन कलेक्टर इनपुट २ लाखांवरच थांबतो, पुढे डिफरन्शियल लाइन ड्रायव्हर लागतो. सहा-आठ अक्षांना एवढ्या वायरा ओढण्यापेक्षा एका केबलवरून दर मिलिसेकंदाला पोझिशनचा आकडा पाठवणं सोपं. बेकहॉफने २००३ मध्ये आणलेलं इथरकॅट हे काम करतं आणि त्यावरचे बहुतेक ड्राइव्ह सीआयए ४०२ प्रोफाइल (ड्राइव्हशी बोलण्याचे ठरलेले नियम) पाळतात. ड्राइव्ह चालू करताना कंट्रोलवर्डमध्ये (ड्राइव्हला आदेश देणारा आकडा) ६, ७, १५ याच क्रमाने लिहायचं आणि प्रत्येक टप्प्यावर स्टेटसवर्ड (ड्राइव्हची अवस्था सांगणारा आकडा) बदलल्याची खात्री करून पुढे जायचं. नवखे तिन्ही आकडे एकापाठोपाठ लिहून मोकळे होतात आणि ड्राइव्ह का उठत नाही म्हणून बसतात.

नोकरीच्या वाटा मला तीन दिसतात. कमिशनिंगमध्ये (नवं यंत्र जागेवर चालू करून देणं) पीएलसी, पीएलसीओपनचे फंक्शन ब्लॉक (मोशनचे तयार प्रमाणित प्रोग्रॅम-तुकडे), पॅनेल आणि भरपूर प्रवास. यंत्र चालू करून देईपर्यंत सुटका नाही. कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये सी भाषा, टायमर, इंटरप्ट, इंटरपोलेशन (मार्गावरचे मधले बिंदू काढणं). जीआरबीएलचा कोड वाच, ब्रेझनहॅमची १९६५ साली प्रसिद्ध झालेली रेघ काढण्याची पद्धत त्यात अक्षांच्या पल्स वाटायला वापरलेली सापडेल. तिसरी वाट यंत्राच्या डिझाइनची: मोटर निवडणं, इनर्शियाचं गुणोत्तर, स्क्रू की बेल्ट. ती मेकॅनिकलवाल्यांकडे झुकते. पत्रावरून तू पहिल्या दोन्हींकडे जाऊ शकतेस. हात लावून शोधण्यात मजा येत असेल तर कमिशनिंग धर, तिथे दोन-तीन वर्षांत जेवढे दोष बघायला मिळतात तेवढे ऑफिसात बसून मिळत नाहीत.

म्हणून पीएलसीचा कोर्स कर, पण चौकशी करून. प्रत्यक्ष सर्व्होचे किमान दोन अक्ष समोर असतील का? ट्यूनिंग स्वतःला करायला मिळेल का? मुद्दाम अलार्म आणून तो शोधायला देतात का? दिवे आणि कन्व्हेअरच्या लॅडरवरच (पीएलसीचा आकृतीतून लिहिलेला प्रोग्रॅम) कोर्स संपत असेल तर तेवढं घरी सिम्युलेटरवर होतं.

तुझ्या टेबलावर आजपासून या सवयी लाव. लिमिट स्विच नॉर्मली क्लोज्ड जोड, म्हणजे वायर तुटली तरी यंत्र थांबेल. इमर्जन्सी स्टॉप फक्त सॉफ्टवेअरमधून घेऊ नकोस. सप्लाय चालू असताना स्टेपरची मोटर ड्राइव्हपासून काढू नकोस, ड्राइव्ह जातो. पुढे सर्व्होवर उभा अक्ष हाताळशील तेव्हा लक्षात ठेव की एसटीओ (सेफ टॉर्क ऑफ, ड्राइव्हचं सुरक्षा-फंक्शन) टॉर्क काढून घेतो, वजन धरून ठेवत नाही. ब्रेक नसेल तर झेड खाली येतो. जड लोड जोरात थांबवताना ओव्हरव्होल्टेज अलार्म आला तर आधी ब्रेकिंग रेझिस्टर (थांबताना मोटरकडून परत येणारी ऊर्जा जिरवणारा) तपास, ड्राइव्ह बदलायला धावू नकोस.

मुलाखतीला टेबलाचा व्हिडिओ नेऊ नकोस, तो सगळेच नेतात. फेऱ्या, वेग आणि गेजचं वाचन यांचा तक्ता, पल्स-डिरेक्शनचा लॉजिक अ‍ॅनालायझरवरचा फोटो आणि काय बदलल्यावर आकडा किती झाला, एवढं दोन पानांत ने.