विमानाच्या पंखाचा आकार ऑप्टिमाइझ करायला जेनेटिक अल्गोरिदम (जीए) घ्यावा की अ‍ॅडजॉइंट? साध्या लॅपटॉपवर होईल का?

अ‍ॅडजॉइंट घ्या. टू-डी एअरफॉइल (पंखाचा आडवा काप) असेल तर लॅपटॉप पुरतो.

खरं तर इथेच थांबलो असतो, पण तुम्ही खाली लिहिलंय, ‘गाइड म्हणतात जीएच घे, तो ग्लोबल ऑप्टिमम (सगळ्यात चांगला आकार) देतो.’ रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला हे वाक्य मी वर्षभर ऐकलंय.

माझी केस होती नाका ००१२ (एक प्रमाणित एअरफॉइल), माक ०.८ (ध्वनीच्या वेगाच्या ०.८ पट), अँगल ऑफ अटॅक म्हणजे हवेशी कोन १.२५ अंश, नॉन-व्हिस्कस (हवेचा चिकटपणा न धरता, म्हणजेच ऑयलर). वरच्या बाजूला दणकट शॉक (हवेच्या दाबाची अचानक उडी) बसतो, त्याने ड्रॅग म्हणजे हवेचा विरोध वाढतो, तो घालवायचा. आकार हलवायला हिक्स-हेनचे ३८ बम्प, म्हणजे पृष्ठभागावरचे कमीजास्त करता येणारे ३८ फुगवटे. सरांना जीएच हवा होता. मी फळ्यावर हिशोब मांडला: जीए पिढ्यांमागून पिढ्या चांगले आकार निवडत जातो, तर ४० आकारांची पॉप्युलेशन, ५० पिढ्या, म्हणजे २,००० फ्लो सोल्व्ह (हवेच्या प्रवाहाची पूर्ण गणितं), आणि ३८ व्हेरिएबलना तेही कमीच. अ‍ॅडजॉइंटला एक फ्लो सोल्व्ह आणि जवळपास तेवढ्याच खर्चाचा एक अ‍ॅडजॉइंट सोल्व्ह, की सगळ्या ३८ चा ग्रेडियंट (कुठला बम्प हलवला की ड्रॅग किती बदलतो) हातात. व्हेरिएबल ३८० केले तरी त्या दोन सोल्व्हचे तीन होत नाहीत. ट्रान्सॉनिक (ध्वनीच्या वेगाजवळच्या) पंखांसाठी ही वाट अँटनी जेम्सन यांनी १९८८ साली घालून दिली. जेम्सन लहानपणी शिमल्याच्या शाळेत होते, हेही मी सांगून पाहिलं. सर म्हणाले, “मग?”

मग आला ठरलेला मुद्दा, ग्रेडियंट लोकल मिनिममला, म्हणजे जवळच्याच एखाद्या खड्ड्यात, अडकतो. मी म्हटलं, “सर, सड्यावरून खाडीला उतरायचं तर माणूस पऱ्ह्या, म्हणजे ओढा, धरून चालतो, चाळीस गडी चाळीस दिशांना सोडत नाही.” सर म्हणाले, “आणि पऱ्ह्या मधेच कुठे डबक्यात मुरला म्हणजे?” वर्ग हसला.

लॅबच्या मशीनवर एसयू२ टाकायला परवानगी मिळाली नाही (हे गणित करणारं फुकट सॉफ्टवेअर, स्टॅनफर्डचं, तरी नाही), म्हणून सगळं घरच्या जुन्या डेस्कटॉपवर केलं. पावसात झावळी तारेवर पडली की लाइट गेलीच. रिस्टार्ट फाइल थोड्या थोड्या इटरेशननी लिहायला लावायची, हे मला कुठल्या मॅन्युअलने नाही, महावितरणच्या लाइनने शिकवलं. शॉक जवळजवळ पुसला गेला, ड्रॅग मूळच्या मानाने किरकोळ उरला. व्हायवाला एक्स्टर्नलनी विचारलं, “विंड टनेलमध्ये तपासलंत का?” माक ०.८ म्हणजे सेकंदाला सुमारे २७० मीटर. आमच्या टनेलच्या पंख्याने कागद उडायचे. सरांनी मान डोलावली, आणि मार्कांचं काय झालं ते सोडा.

डबक्याचं उत्तर मात्र नंतर सापडलं. मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी नासाच्या सीआरएम (अभ्यासासाठीचं नमुना विमान) पंखावर अ‍ॅडजॉइंट चालवताना सुरुवातीचे आकार मुद्दाम वेडेवाकडे घेतले. शेवटी पोचलेल्या पंखांत बारीक फरक उरले, पण ड्रॅग जवळपास सारखाच. लोकल मिनिमा असतात, पण त्यासाठी २,००० सोल्व्ह जाळण्याइतकं त्यांच्यात काही नसतं. डबक्याची भीती असेल तर चार वेगळ्या आकारांपासून सुरू करा, तरीही जीएपेक्षा स्वस्त पडेल.

आता पथ्यं. लिफ्ट (पंखाची उचल) आणि जाडी यांच्या अटी घातल्याच पाहिजेत, नाहीतर ऑप्टिमायझर लिफ्टच सोडून देऊन ड्रॅग कमी करून दाखवतो. ऑयलरमध्ये स्किन फ्रिक्शन (पृष्ठभागावरचं हवेचं घर्षण) नाही, तेव्हा तो आकडा खऱ्या विमानाचा म्हणून मिरवू नका. एकाच माकवर घासलेला आकार ०.७८ ला पुन्हा शॉक काढतो, म्हणून दोन-तीन माक एकत्र घ्या. फ्लो पंखापासून सुटायला लागला की अ‍ॅडजॉइंट कन्व्हर्ज व्हायला, म्हणजे उत्तरावर स्थिरावायला, कुरकुरतो. आणि हो, व्हेरिएबल पाच-सहाच असतील किंवा इंजिनं दोन की चार असले प्रश्न असतील, तर जीए खुशाल वापरा. पूर्ण थ्री-डी पंख व्हिस्कस करायचा असेल तर लॅपटॉपचं विसरा.

गाइड ऐकत नसतील तर सहा बम्पवर दोन्ही चालवा. कुणाला किती फ्लो सोल्व्ह लागले त्याचा तक्ता करा आणि रिपोर्टच्या अपेंडिक्समध्ये न टाकता पहिल्याच चॅप्टरमध्ये लावा. एक प्रत मला पाठवलीत तर मी ती कुणाला दाखवणार आहे, ते मला ठाऊक आहे.