मेंढपाळांना नाटकातून काढू नका

पत्र : मी सांगलीत राहते आणि आमच्या चर्चच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, शिकवते. यंदा नाताळची नाटिका माझ्याकडे आली आहे. पण मुलं काही केल्या ऐकत नाहीत. मेंढपाळ झालेली चार मुलं काठ्या घेऊन तलवारबाजी खेळतात. त्यांनी देवदूताचे पंख ओढून फाडले. मरियेचं काम करणारी मुलगी परवा रडत घरी गेली. या चौघांचा म्होरक्या म्हणजे माझ्या जाऊबाईंचा नऊ वर्षांचा मुलगा. कमिटीतले एक वयस्कर काका म्हणतात, ‘या चौघांना काढून टाका, देवाच्या घरात हा धिंगाणा शोभत नाही.’ काढलं तर जाऊबाई माझ्याशी बोलायच्या नाहीत, आणि आम्ही एकाच घरात राहतो. नाही काढलं तर सगळ्या मंडळीसमोर माझी फजिती होईल. काय करू?

प्रिय ताई,

चौघांपैकी एकालाही काढू नका. नऊ वर्षांच्या मुलाला नाताळच्या नाटकातून काढलं, तर ‘मला चर्चमधून काढलं’ एवढंच त्याला कळेल, आणि ते तो पुढे कित्येक वर्षं धरून ठेवेल.

पण त्या रडत गेलेल्या मुलीचं काय, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. तुमच्या पत्रात तिच्याबद्दल एकच ओळ आहे आणि ती मला सारखी आठवते आहे. पुढच्या तालमीआधी तिच्या घरी जा. पुतण्याला सोबत न्या आणि त्याला तिची माफी मागू द्या. घाईने पुटपुटलेली नको, तिच्याकडे बघून मागितलेली हवी. शिवाय सगळ्यांना एक नियम सांगून ठेवा : ज्याच्या हातून दुसऱ्याला लागेल, तो त्या दिवशी तालमीत बसून राहील. दुसऱ्या दिवशी त्याची जागा त्याला परत मिळेल.

आता नाटकाकडे बघू. मला वाटतं, खरी अडचण नाटकाच्या बांधणीत आहे. मुलांना पाठ केलेली लांबलचक वाक्यं दिली असतील, एकाचं बोलणं चालू असताना बाकीची पंधरा-वीस मुलं कोपऱ्यात ताटकळत असतील, आणि हातात काठी असेल, तर काठीची तलवार होणारच. तुम्ही तर सांगलीत राहता. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला. त्यांच्या नाटकात सूत्रधार पदं गाऊन कथा पुढे न्यायचा आणि पात्रं ऐन वेळी सुचेल तसं बोलायची. तुम्हीही तेच करा. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला, दुसऱ्या अध्यायातला येशूच्या जन्माचा वृत्तांत एका मोठ्या माणसाने सावकाश वाचावा, मधे मधे सगळ्यांनी गीतं म्हणावीत, आणि मुलांनी फक्त करून दाखवावं. ज्याला बोलावंसं वाटेल त्याने आपल्या शब्दांत दोन वाक्यं बोलावीत. पाठांतर गेलं की निम्मी धास्ती जाते. काम नसलेली मुलं कोपऱ्यात उभी न राहता पुढे सतरंजीवर बसून गातील. तालीम अर्ध्या तासाच्या वर नेऊ नका आणि खाऊ शेवटी द्या.

भूमिकांवरून भांडणं होत असतील तर शुभवर्तमान पुन्हा वाचून बघा. बाळ येशूला बघायला पूर्वेकडून आलेले मागी लोक, म्हणजे ज्ञानी माणसं, किती होते ते मत्तयाने सांगितलेलंच नाही. तीन हा आकडा आपण त्यांनी आणलेल्या तीन भेटवस्तूंवरून धरला. लूकमध्ये तर देवदूतासोबत स्वर्गातल्या सैन्याचा समुदाय येतो. तेव्हा कितीही मुलं येऊ द्या, जागा आहे.

तुमच्या चार मेंढपाळांसाठी मात्र मला वेगळं सुचवायचं आहे. जत-आटपाडीकडचे धनगर मेंढरं घेऊन फिरतात आणि शेतात मुक्काम टाकतात. आसपास कुठे कळप बसला आहे का, ते ओळखीच्या शेतकऱ्याला विचारा. कळप सापडला आणि त्यांची हरकत नसली, तर एका संध्याकाळी या चौघांना तिकडे घेऊन जा. वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं कशी कोंडतात, कोकरू आईला कसं शोधतं, रात्री राखणीला कोण जागतं, हे त्यांना बघू द्या, विचारू द्या. धनगरांचे हात काठीवर कसे असतात तेही दिसेल. बेथलेहेमजवळच्या रानात त्या रात्री असेच लोक आपला कळप राखत होते. तिथून परतलेली मुलं काठी कशी धरतात ते बघा. कुणाच्या घरी जुनी घोंगडी असेल तर तीच पोशाखाला घ्या. तोपर्यंत काठ्या तुमच्याच कपाटात राहू द्या, आणि नवे पंख थेट प्रयोगाच्या दिवशी लावा.

आता काका. लोक लेकरांना येशूजवळ आणत होते तेव्हा शिष्यांनीच त्यांना दटावलं, आणि येशू रागावला तो शिष्यांवर. मार्काच्या दहाव्या अध्यायातलं हे वचन काकांना तोंडपाठ असेल. ते त्यांच्या तोंडावर फेकू नका. चर्चच्या मर्यादेची त्यांना काळजी आहे आणि ती खरी आहे. त्यांच्या घरी जा आणि सूत्रधाराचं काम त्यांनाच द्या. वाचन करायला, मुलांच्या मधे उभं राहायला त्यांच्याइतका योग्य माणूस तुम्हाला मिळणार नाही. मुलांची नावं ठाऊक झाली की त्यांचा सूर बदलेल असं मला मनापासून वाटतं.

फजितीची भीती मी समजू शकते. पहिल्यांदाच जबाबदारी मिळाली की सगळ्यांचे डोळे आपल्यावरच आहेत असं वाटतं. पण त्या दिवशी बाकांवर आई-बाप आणि आजी-आजोबा बसलेले असतील, आणि त्यांचे डोळे आपापल्या लेकराला शोधत असतील. मधेच एखादं कोकरू उठून आईकडे पळालं तर पळू द्या, वाचन चालू ठेवा.

जाऊबाईंशी आजच बोला. कमिटीत काय चर्चा झाली ते दुसऱ्या कुणाकडून त्यांच्या कानावर जाण्याआधी तुमच्याकडून जावं. ‘तुमचा मुलगा त्रास देतो’ अशी सुरुवात नको. ‘बाकीची तिघं त्याचं ऐकतात, म्हणून मेंढपाळांची जबाबदारी मला त्याच्यावर टाकायची आहे, पण त्या मुलीची माफी त्याने आधी मागायला हवी, तुम्ही त्याला समजावाल का,’ असं सांगा. मग त्यांनाच विचारा, की घोंगडी आणि पटक्यांचं काम त्या बघतील का. रात्री जेवणं उरकल्यावर, दोघीच असताना विचारा.

तुमची,
मावशी