हवामान परिषदेत दरवेळी गाडं पैशावरच का अडतं?

कारण धूर काढला कोणी आणि भोगतंय कोण हा हिशेबच मिटत नाही. २००९ ला कोपनहेगनच्या परिषदेत श्रीमंत देश बोलले गरीब देशांसाठी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू, ते जमलं २०२२ ला, त्यातही बरंचसं कर्ज, म्हणजे परत फेडायचंच. मग २०२४ ला बाकूच्या परिषदेत गरीब देशांची मागणी वर्षाला १.३ ट्रिलियन डॉलरची (म्हणजे १३०० अब्ज) आणि ठरले ३०० अब्ज, तेही २०३५ पर्यंत, भारताने तिथेच विरोध नोंदवला आणि बरोबरच केलं. आमच्या कुर्ल्यात २६ जुलै २००५ च्या पाण्याची रेघ चाळीच्या भिंतीवर अजून दिसते (सांताक्रूझला ९४४ मिमी पडलेला त्या दिवशी), खालच्या काकू अजूनही जून लागला की धान्याचे डबे माळ्यावर चढवतात, आणि त्यांच्याकडे साधा एसीपण नाहीये.